छोट्या बेटावरच्या गावातली ये-जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटावरच्या छोट्या गावात राहणारे, किंवा तिथे वाहतूक आणि पर्यावरणावर काही करून बघणारे लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र घेतलेत. काही उत्तरं लांब आहेत काही दोन ओळींची, कारण काही गोष्टींवर खरंच बोलण्यासारखं खूप आहे आणि काहींवर नाही.

गाव केवढं, या टोकापासून त्या टोकाला चालत पाऊण तास. इथे कसला आलाय वाहतुकीचा प्रश्न?

गाव छोटं आहे म्हणूनच प्रश्न आहे. शहरात गाडी एकदा सुरू झाली की वीस-तीस किलोमीटर पळते, इथे ती दीड किलोमीटर जाते, बंद होते आणि तासाभराने परत दीड किलोमीटर येते. इंजिन नीट तापतच नाही. गाडीचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे बेटावरची गाडी जेवढा वेळ चालते त्यातला बराच वेळ ती सगळ्यात घाण धूर सोडत चालते, आणि थंड इंजिन पेट्रोलही जास्त पितं ते वेगळंच. वर हे पेट्रोल बोटीतून येतं, बोट स्वतः डिझेल जाळते, पिंपं चढवता-उतरवताना जे सांडतं ते थेट धक्क्याच्या पाण्यात जातं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि डिझेल असेल तर २.७ किलोच्या आसपास, हा आकडा एकदा डोक्यात बसला की टाकी भरताना आपोआप हिशोब होतो.

आणि जागा. शहर बाहेर पसरू शकतं, बेट नाही पसरत. पार्किंगला दिलेली जमीन म्हणजे कुणाची तरी वाडी, मुलांचं मैदान नाहीतर किनाऱ्यालगतचा झाडोरा गेलेला असतो आणि तो परत मिळत नाही.

सुरुवात नक्की कुठून करायची?

मोजण्यापासून. गाड्या, चार्जर, सायकली काहीही विकत घेण्याच्या आधी एक वही आणि दोन-चार माणसं एवढंच लागतं.

फेरी, म्हणजे माणसं-सामान ने-आण करणारी बोट, यायच्या वेळेला धक्क्यावर जाऊन उभं राहा. बोट दिसायला लागली की पंधरा मिनिटांत काय होतं बघा. एकेका माणसाला घ्यायला एकेक दुचाकी येते, काही तर इंजिन चालूच ठेवून थांबतात, एक टेम्पो उलटा लागतो, त्याच्यामागे दोन कार अडकतात, कुणीतरी हॉर्न वाजवतं, बोटीतून उतरलेली बाई डोक्यावर बोचकं आणि हाताला मूल घेऊन या सगळ्यातून वाट काढते. वीस मिनिटांनी धक्का परत रिकामा. दिवसातून बोटीच्या चार खेपा असतील तर हे चार वेळा होतं. आता वहीत एवढंच लिहायचं की किती गाड्या आल्या, प्रत्येकीत किती माणसं गेली, सामान काय होतं आणि गेली कुठे. आठवडाभर लिहा, पाऊस असेल तेव्हाही आणि सुट्टीच्या दिवशीही. मग तेच शाळा सुटताना आणि बाजाराच्या वेळेला.

बहुतेक वेळा यातून दिसतं असं की गावातली निम्म्याहून जास्त धावपळ दोन-तीन ठिकाणी आणि दोन-तीन वेळांनाच होते. म्हणजे अख्ख्या गावाची वाहतूक बदलायची गरज नसते, फेरीच्या वेळेला धक्का ते गाव अशी एक शेअर गाडी आणि सामानाला एक वेगळी गाडी एवढ्यानेच मोठा तुकडा सुटू शकतो. पण तुमच्या बेटावर तसंच आहे का हे वहीच सांगेल, म्हणून मोजणं टाळू नका.

अजून एक, मोजणाऱ्यांत गाडीवाले, रिक्षावाले, बोटवाले असूदेत. ज्याने स्वतः आकडा लिहिलाय तो सभेत त्या आकड्यावर शंका घेत नाही.

सगळ्या पेट्रोल गाड्या काढून इलेक्ट्रिक आणल्या की झालं ना?

नाही. रस्ता तेवढाच अरुंद राहतो, पार्किंग तेवढंच लागतं, टायर झिजून रबराचा चुरा पडतोच, उलट इलेक्ट्रिक कार बॅटरीमुळे वजनदार असते तर टायरची झीज कमी होण्याची आशाच धरू नका. तो चुरा पावसाबरोबर गटारातून समुद्रात. टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन नावाचं द्रव्य कोहो सॅमन माशांना मारतं हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, त्याआधी कित्येक वर्षं पाऊस पडला की ओढ्यात मासे मरतात एवढंच लोकांना दिसत होतं.

माझं स्पष्ट मत आहे की क्रम असा असावा: आधी गाड्यांच्या खेपा कमी, मग गाड्यांची संख्या कमी, मग गाडीचा आकार कमी आणि उरलेलं जे आहे ते इलेक्ट्रिक. ग्रीसमधल्या अस्तिपालिआ बेटाचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. साधारण १,३०० लोकवस्ती, आणि गाड्या १,५०० च्या आसपास, म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त. २०२१ मध्ये ग्रीक सरकार आणि फोक्सवॅगनने तिथे इलेक्ट्रिक वाहतुकीचा प्रकल्प सुरू केला तेव्हा ठरवलं होतं की १,५०० च्या जागी साधारण १,००० इलेक्ट्रिक गाड्या पुरतील आणि बाकीचं काम शेअर गाड्या आणि फोन करून बोलावता येणारी मिनीबस करेल. तीनातली एक गाडी मुळात लागतच नाही असा तो हिशोब होता, आणि खरी कमाई मला तिथेच दिसते.

आमच्याकडे वीजच डिझेल जनरेटरवर येते. मग इलेक्ट्रिक गाडी म्हणजे डिझेल फिरवून पिणंच झालं की नाही?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि याचं उत्तर गाडी कोणती यावर आहे, म्हणून जरा आकडेमोड करू.

छोटा जनरेटर एक लिटर डिझेलमधून साधारण तीन-साडेतीन युनिट वीज देतो, एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. तारेतला आणि चार्जिंगमधला तोटा जाऊन गाडीच्या बॅटरीत पोचतात समजा २.७ युनिट. इलेक्ट्रिक कार किलोमीटरला साधारण १५० वॉट-तास खाते, म्हणजे त्या एका लिटरवर ती १८ किलोमीटर गेली. चांगली पेट्रोल कारही जवळपास एवढंच देते, तर इथे फायदा फारसा नाही, फक्त धूर गावातून उठून जनरेटरपाशी गेला. इलेक्ट्रिक स्कूटर ३० वॉट-तासांच्या आसपास घेते, म्हणजे ९० किलोमीटर, पेट्रोल स्कूटरच्या जवळपास दुप्पट. आणि पेडल मारायची बॅटरीवाली सायकल दहा-बारा वॉट-तासांत एक किलोमीटर जाते, तर त्याच एक लिटर डिझेलवर ती दोनशे किलोमीटरच्याही पुढे गेली.

तेव्हा वीज डिझेलची असेल तर इलेक्ट्रिक कारच्या मागे धावू नका, पण हलकी वाहनं आजही चालतील, आणि उद्या सोलर आलं की त्याच सायकली त्याच स्कूटर सोलरवर चालतील.

सोलर असेल तर चार्जिंग कधी करायचं?

दुपारी. सगळे रात्री घरी येऊन प्लग लावतात आणि नेमका तेव्हाच सूर्य नसतो, घराघरात दिवे पंखे चालू असतात आणि जनरेटर धापा टाकत असतो. म्हणून चार्जिंग पॉइंट घरापेक्षा जिथे दुपारी गाड्या उभ्या असतात तिथे द्या, शाळा, दवाखाना, धक्का, बाजार.

स्कॉटलंडजवळच्या एग बेटाने हे वीज वाटण्याचं काम फार शहाणपणाने केलंय. शंभरेक माणसांचं बेट, १९९७ मध्ये लोकांनीच ते विकत घेतलं, २००८ मध्ये वारा, पाणी आणि सोलर एकत्र करून स्वतःची वीज सुरू केली. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा, धंद्यांना १० किलोवॉट. वीज जास्त झाली तर ती समाजमंदिरासारख्या सगळ्यांच्या जागा गरम करायला वापरतात. ५ किलोवॉटमध्ये घर चालवायचं आणि गाडीही चार्ज करायची तर वेळ पाहूनच करावी लागते, शिस्त त्या मर्यादेनेच लावली. मोठा फास्ट चार्जर छोट्या बेटाच्या ग्रिडवर, म्हणजे वीजतारांच्या जाळ्यावर, टाकणं मात्र टाळाच, दोन गाड्या एकदम लागल्या तर गावाचा व्होल्टेज पडतो आणि मग सगळं गाव इलेक्ट्रिक गाड्यांना शिव्या देतं.

खाऱ्या हवेत सायकली आणि इलेक्ट्रिक गाड्या टिकतात का?

निगा राखली तर टिकतात, नाही राखली तर वर्षभरात भंगार. आणि ही गोष्ट प्रकल्प आखणारे सगळ्यात शेवटी विचारात घेतात, खरं तर पहिली घ्यायला हवी.

चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण तुटलेलं असलं की आठवड्याभरात आतल्या पिनांवर हिरवट पूड चढते. तो तांब्याला लागलेला गंजच. मग प्लग सैल बसतो, जोड तापतो, कनेक्टर हाताला चटका देतो आणि एक दिवस प्लास्टिक वितळलेलं दिसतं. झाकण ही क्षुल्लक वस्तू आहे पण तिचे दहा-वीस स्पेअर बेटावर असायलाच हवेत. पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्यायचा, चार्जर छपराखाली आणि वारा थेट लागणार नाही अशा अंगाला लावायचा.

सायकलचं म्हणाल तर किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याचा मग ओतायचा, प्रेशरचा पाइप नाही कारण त्याने बेअरिंगमधलं ग्रीसच बाहेर येतं. मग पुसून चेनला तेल. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लोखंडी सीटचा दांडा असेल तर तो दर दोन-तीन महिन्यांनी काढून ग्रीस लावून परत बसवायचा, नाहीतर दोन धातू आणि खारं पाणी मिळून तो असा जॅम होतो की करवतीने कापावा लागतो. बेल्टवर चालणारी सायकल महाग पडते पण चेनच नाही तर चेन गंजण्याचा प्रश्नच नाही.

गावात सायकली वाटायच्या आधी गावातल्या दोन मुलांना हे काम शिकवा, त्यांना पगार द्या, हत्यारं द्या. रिपेअरवाला नसेल तर पन्नास सायकलींचे सहा महिन्यांत पन्नास सांगाडे होतात.

वादळात नाहीतर मोठ्या भरतीत इलेक्ट्रिक गाडीत पाणी शिरलं तर?

हे गंभीरपणे घ्या. लिथियम बॅटरीत खारं पाणी गेलं तर पाणी ओसरल्यावर, कधी कधी काही दिवसांनीसुद्धा आग लागू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांना अशा आगी लागल्या होत्या. नियम सोपे आहेत: वादळाचा इशारा आला की गाड्या आणि काढता येणाऱ्या बॅटऱ्या उंचावर न्यायच्या. बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही, घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून पंधरा मीटर तरी लांब मोकळ्यावर ठेवायची. आणि ती उंचावरची जागा आधीच ठरवलेली हवी, वादळाच्या रात्री शोधायची वेळ येऊ नये.

आमचं बेट चढ-उताराचं आहे, म्हातारी माणसं आहेत. सायकल सायकल काय करता?

बरोबर आहे, सगळ्यांना सायकल जमणार नाही आणि तशी सक्तीही करू नये. ज्याला जमतं त्याने सायकल घेतली की ज्याला जमत नाही त्याच्यासाठी गाडीत जागा होते, एवढाच तो मुद्दा. बॅटरीवाल्या सायकलने चढाचं दुखणं बरंच कमी होतं, तीन चाकी असेल तर तोल जायची भीतीही जाते. पण गुडघे दुखणारी आजी, डायलिसिसला जाणारा माणूस, अंगावर पिणारं बाळ असलेली बाई यांच्यासाठी फोनवर बोलावता येणारी छोटी गाडी हवीच, आणि ती वेळेवर यायला हवी. दोनदा वाट बघायला लावली की तिसऱ्यांदा माणूस स्वतःची गाडीच घेतो.

चढावर ठरावीक अंतराने सावली आणि बसायला कट्टा ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीने चालणाऱ्यांची संख्या वाढते.

फेरीचं काय? खरं इंधन तर तीच खाते.

अगदी. गावातल्या सगळ्या गाड्या मिळून जेवढं जाळतात त्याहून जास्त एकटी फेरी जाळत असेल असं बऱ्याच बेटांवर आहे, म्हणून फेरीचा विषय काढल्याशिवाय ही चर्चा अर्धवटच राहते.

पहिला उपाय फुकटचा आहे: वेग कमी करा. बोटीला पाण्यातून ढकलायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकद २७ टक्के कमी लागते, प्रवासाला थोडा जास्त वेळ लागतो तो धरूनही एका खेपेमागे १९-२० टक्के इंधन वाचतं. अर्ध्या तासाचा प्रवास तीन-साडेतीन मिनिटांनी लांबतो. तळाला चिकटलेले शंख-शेवाळ वेळच्या वेळी खरवडणं हाही तसाच उपाय, नवीन काहीच घ्यावं लागत नाही.

इलेक्ट्रिक फेरी आता प्रयोग राहिलेली नाही. नॉर्वेत २०१५ पासून ॲम्पिअर ही गाड्या नेणारी फेरी बॅटरीवर चालतेय. तिथल्या किनाऱ्यावरची वीजलाइन एवढी दमदार नव्हती म्हणून त्यांनी दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या ठेवल्या, त्या सावकाश भरत राहतात आणि बोट लागली की पटकन तिला वीज देतात. कमजोर ग्रिड असलेल्या कुठल्याही बेटाने ही युक्ती लक्षात ठेवावी. डेन्मार्कच्या एरो बेटाची एलेन फेरी २०१९ मध्ये सुरू झाली, बॅटरी ४.३ मेगावॉट-तासांची, एका चार्जवर जाऊन येऊन २२ सागरी मैल म्हणजे साधारण ४० किलोमीटर. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून आदित्य नावाची ७५ प्रवाशांची सोलर बोट लोकांची रोजची ने-आण करते, आणि कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या बॅटरीवरच्या बोटी आजूबाजूच्या बेटांना जोडतायत. शांत पाणी आणि थोडं अंतर असेल तर हे जमतं. उघड्या समुद्रात लांबचा पल्ला असेल तर आज तरी फक्त बॅटरीवर भागत नाही.

आणि फेरीचं टाइमटेबल गावातल्या गाडीशी जुळवा. बोट लागायच्या आधी शेअर गाडी धक्क्यावर उभी असेल तरच लोक आपली दुचाकी आणणं सोडतील.

छोट्या होड्यांच्या इंजिनाने एवढा काय फरक पडतो?

जुनं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, असेल तर खूप. त्यात पाव भागाच्या आसपास इंधन न जळताच तेलासकट बाहेर पाण्यात जातं. धक्क्याजवळ पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो ना, तो तोच. चार लिटर भरलं तर लिटरभर समुद्राला दिलं. फोर-स्ट्रोक घेतलं तर हे जवळपास थांबतं आणि इंधनही कमी लागतं, तेव्हा मदत द्यायची असेल तर पहिली मदत जुनी इंजिनं बदलायला मच्छीमारांना द्या.

नांगराचंही बघा. समुद्री गवताच्या पट्ट्यावर नांगर टाकला की तो उचलताना गवत मुळासकट उपटतो. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत आडवं पसरतं ते वर्षाला काही सेंटीमीटर एवढंच, म्हणजे एका दुपारचा ओरखडा भरून यायला कित्येक वर्षं. बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये टाकले की नांगराची गरजच संपते.

टुरिस्टना गाड्या आणू द्यायच्या का?

माझं उत्तर नाही असंच आहे, पर्याय तयार असेल तर. आणि असं करणारे आपण पहिले नसू. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडात १९४६ पर्यंत खाजगी मोटारगाड्याच नव्हत्या, आजही एका घराला एकच कार असा नियम आहे आणि बाहेरून आलेल्याला नेहमीची कार भाड्याने मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉटनेस्ट बेटावर खाजगी कार नाहीत, लोक सायकलवर फिरतात आणि त्याचसाठी परत येतात. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या चॅनेल बेटांतल्या सार्कमध्ये कार नाहीत, ट्रॅक्टर, सायकली आणि घोडागाड्या आहेत. जर्मनीच्या हेल्गोलांडवर तर कारबरोबर सायकलवरही बंदी आहे, देशाच्या वाहतूक नियमांतच तसं कलम आहे, आणि सामान छोट्या बॅटरीच्या गाड्यांवरून जातं.

मात्र बंदी घालायची तर पाहुण्याला पलीकडच्या धक्क्यावरच कळलं पाहिजे: तिथे सुरक्षित पार्किंग, सामान बोटीत चढवायची सोय, इकडे उतरल्यावर सामान मुक्कामी पोचवायची सोय. बेटावर पोचल्यावर अडवलं तर तो भांडणारच.

मग गावातल्या गाड्याही पूर्ण बंद करायच्या का?

सगळीकडे नाही. अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवरात मॅकिनॉ बेट आहे, तिथे १८९८ मध्ये मोटारी बंद केल्या आणि ते आजही टिकलंय, बेटाला वळसा घालणारा १३ किलोमीटरचा रस्ता सरकारी हायवे असूनही त्यावर कार धावत नाहीत. पण तिथे गाड्या मुळात रुजायच्या आधीच बंदी आली. जिथे घरटी गाडी आहे तिथे एका ठरावाने ती जाणार नाही, आणि तसा प्रयत्न केला तर गाव दोन तट पडून बसतं. त्यापेक्षा नवीन गाडी जुनी भंगारात दिल्यावरच आणायची, गावठाणात ३० च्या पुढे वेग नाही, फेरीच्या वेळेला धक्क्याची गल्ली बंद, अशा पायऱ्या लोक मान्य करतात.

ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि कचऱ्याची गाडी याला अपवाद हवाच, ग्रीसच्या हायड्रा बेटावरही एरवी खेचरं-गाढवंच ओझी वाहतात पण कचरागाडी आणि ॲम्ब्युलन्स आहे.

जनावरांकडे परत जायचं असेल तर विचार करून जा. इस्तंबूलजवळच्या ब्युकआदा आणि शेजारच्या बेटांवर कित्येक पिढ्या घोडागाड्या होत्या, पण घोड्यांचे हाल, वरून ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ, शेवटी २०२० मध्ये त्या बंद करून इलेक्ट्रिक गाड्या आणाव्या लागल्या. धूर नाही म्हणजे सगळं बरं असं नसतं.

सिलिंडर, सिमेंट, किराणा, हे कोण वाहणार?

एकच सामायिक मालगाडी, दिवसाला ठरलेल्या वेळा, सगळ्या दुकानांचा माल एका खेपेत. घरोघरी पोचवायला तीन चाकी बॅटरीची माल सायकल शंभर-दीडशे किलो आरामात नेते. सिमेंट-खडीला मात्र ट्रॅक्टर लागणारच, तिथे हट्ट नको.

जुन्या गाड्यांचं भंगार इतकं का साठतं?

कारण गाडी आणायचं भाडं कुणीतरी देतं, परत न्यायचं कुणीच देत नाही. मग रस्त्याच्या कडेला, कुंपणापलीकडे सांगाडे पडून राहतात, तेल झिरपतं, बॅटरीतलं शिसं आणि ॲसिड मातीत जातं, साचलेल्या पाण्यात डास होतात. आणि बेटाचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर असतो, तो एकदा बिघडला तर विहिरी गेल्या.

पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी या बेटांच्या देशाने यावर चांगला मार्ग काढला. तिथे डबे, प्लास्टिक बाटल्या आणि गाडीच्या शिसाच्या बॅटऱ्या यांच्यावर बेटावर येतानाच डिपॉझिट घेतात आणि वापरून परत आणून दिल्यावर त्यातला मोठा हिस्सा माघारी मिळतो. हेच पूर्ण गाडीला लावा, बेटावर उतरवताना डिपॉझिट आणि बाहेर नेल्याची पावती दाखवली की परत. इलेक्ट्रिक गाड्या यायच्या आधीच हे ठरवा, कारण दहा-बारा वर्षांनी त्या बॅटऱ्याही जुन्या होणार आहेत. कंपनीकडून बॅटरी परत घ्यायचं लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

वाहतूक आणि जनावरं-पाखरं यांचा काय संबंध?

ख्रिसमस बेटावर बघा, हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाचं. पहिला मोठा पाऊस झाला की कोट्यवधी लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात. त्या दिवसांत रस्ते बंद करतात, कुठे रस्त्याखालून बोगदे दिलेत, एका ठिकाणी पाच मीटर उंच पूल फक्त खेकड्यांसाठी बांधलाय. आणि गाडी काढायचीच झाली तर माणूस खाली उतरून दाताळ्याने हळूहळू खेकडे बाजूला सारतो, थोडं पुढे जातो, परत उतरतो. कामाला उशीर होतो आणि गाव तो चालवून घेतं. मला हे चित्र फार आवडतं.

तुमच्याकडे कासवं असतील तर रस्त्याच्या दिव्यांकडे बघा. पिल्लं अंड्यातून निघाली की उजळ क्षितिजाकडे जातात, तो एरवी समुद्र असतो, पांढरा झगझगीत दिवा लावला की ती रस्त्यावर येतात. दिवे खाली झाकलेले आणि पिवळट-तांबूस ठेवा, विणीच्या दिवसांत किनाऱ्याच्या रस्त्यावर रात्री गाड्या नकोत.

लोकांमध्ये जागृती कशी करायची? पोस्टर लावून झाले, रॅली काढून झाली.

पोस्टर दोन आठवड्यांनी भिंतीचा भाग होतं. माझा अनुभव आणि मत दोन्ही हेच की लोकांना पर्यावरण समजावून सांगायची गरज कमी असते, समुद्र बदलताना त्यांनीच पाहिलेला असतो. मासे किती लांब गेले हे म्हाताऱ्या नाखव्याला जेवढं कळतं तेवढं भाषण करणाऱ्याला कळत नाही, तेव्हा आधी त्याला बोलायला सांगा, तरुण मुलांनी ते लिहून घ्यावं.

मग गावाचा आकडा गावाला दिसू दे. धक्क्यावर एक काळा फळा, त्यावर या महिन्यात बेटावर किती लिटर पेट्रोल-डिझेल उतरलं, मागच्या महिन्यात किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती, बस्स. इंधन बोटीतूनच येतं त्यामुळे हा आकडा बेटाइतका चोख दुसऱ्या कुठल्याच गावाला मिळत नाही. फेरीची वाट बघणारा प्रत्येक माणूस तो वाचतो आणि त्यावर बोलतो.

शाळेतल्या मुलांना पहिल्या पावसाच्या दिवशी गटार समुद्राला मिळतं तिथे काचेच्या बरण्या घेऊन न्या. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी एका बरणीत, तासाभराने दुसऱ्या. पहिली बरणी काळपट, वर तेलाची चकाकी, खाली बसलेला गाळ. ती बरणी मूल घरी घेऊन जातं आणि ओट्यावर ठेवतं. माझ्या मते असल्या एका बरणीत दहा पोस्टरांपेक्षा जास्त ताकद आहे.

आणि लोकांना मालकी द्या. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने १९९७ मध्ये सरकारी स्पर्धा जिंकली, स्वतःच्या अपारंपरिक ऊर्जेवर उभं राहायचं ठरवलं, जमिनीवर ११ पवनचक्क्या आणि २००३ पर्यंत समुद्रात १० उभ्या केल्या. त्यात शेतकऱ्यांचे, गावकऱ्यांचे स्वतःचे शेअर आहेत, म्हणून पवनचक्कीचा आवाज कुणाला खुपत नाही. आणि एक गोष्ट तिथल्या लोकांनी मोकळेपणाने मान्य केली, वाहतुकीचं पेट्रोल-डिझेल सोडवणं सगळ्यात अवघड गेलं, समुद्रातल्या त्या १० पवनचक्क्या वाहतुकीच्या प्रदूषणाची भरपाई म्हणूनच उभारल्या.

रिक्षावाले आणि गाडी भाड्याने देणारे विरोध करतात. त्यांचं काय?

त्यांचा विरोध पोटाचा आहे, तो समजून घ्यायलाच हवा. शेअर गाडी चालवायचं काम, सायकल रिपेअरचं काम, सामान पोचवायचं काम पहिल्यांदा त्यांनाच विचारा, आणि पहिल्या सभेलाच विचारा, सगळं ठरल्यावर नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर कर्ज फिटेपर्यंत मुदत द्या. जो रोज फेरीला येणाऱ्या माणसांना नावाने ओळखतो त्याच्याइतका चांगला शेअर गाडीचा ड्रायव्हर बाहेरून आणून मिळणार नाही.

किती दिवसांत फरक दिसतो?

धक्क्यावरची गर्दी महिन्याभरात कमी होऊ शकते, वेग कमी केला तर फेरीचं डिझेल पहिल्याच बिलात कमी दिसतं. गाड्यांची संख्या खाली यायला पाच-दहा वर्षं धरा. समुद्री गवताला त्याहून जास्त. फळ्यावरचा आकडा एखाद्या महिन्यात वाढेलही, सुट्ट्यांचा हंगाम असेल, जनरेटर बिघडला असेल, तोही तसाच लिहायचा आणि खाली कारण लिहायचं. फळा पुसणारं आणि लिहिणारं माणूस एकच ठरवा आणि ते गावाला गेलं तर बदली कोण हेही ठरवून ठेवा.